वरातीसाठी पांढरी

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये, हडपसरच्या कालव्याकडेच्या एका तबेल्यात, सतरा वर्षांच्या पांढऱ्या घोडीला सकाळी इंजेक्शन देऊन मरण देण्यात आले. आदल्या दुपारपासून ती उठू शकत नव्हती. शेपटीखालच्या गाठी आतपर्यंत वाढल्या होत्या आणि तिला लीद टाकता येत नव्हती. इंजेक्शन माझ्या धाकट्या बहिणीने दिले. घोडीवर उपचार करणारे डॉक्टर शेजारी उभे होते. तबेल्याचे मालक घोडीचे डोके मांडीवर घेऊन जमिनीवर बसले होते. त्यांची मुलगी दारात होती. मी बाहेर गाडीजवळ थांबलो होतो. त्या संध्याकाळी तबेल्यातले दोन घोडे सोलापूर रस्त्यावरच्या कार्यालयांत वरातीला जायचे होते. ते गेले.

मी वर्तमानपत्रात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. बिबवेवाडीत राहतो. बहीण शिक्षणाने प्राण्यांची डॉक्टर. पण दवाखाना तिने लवकर सोडला आणि ती आनुवंशशास्त्र शिकवू लागली. मी तिच्याबरोबर तबेल्यांत का जाऊ लागलो याचे कारण साधे आहे. तिला शहरात गाडी चालवायला आवडत नाही आणि मला दुपारी काही काम नव्हते.

तिचा विषय होता वरातीच्या घोड्यांचा रंग. पुण्यात आणि आसपासच्या गावांत वरातीसाठी जे घोडे पाळले जातात, त्यांतल्या प्रत्येकाच्या आयाळीतले काही केस मुळासकट उपटायचे, पाकिटात घालायचे, पाकिटावर घोड्याचे नाव लिहायचे आणि प्रयोगशाळेत द्यायचे. केसाच्या मुळाशी ज्या पेशी असतात त्यांच्यावरून त्या घोड्याला पांढरा करणारे जनुक त्याच्यात आहे का, आणि असल्यास एका प्रतीत आहे की दोन, ते कळते.

हे घोडे पांढरे जन्मत नाहीत. काळे, तपकिरी किंवा तांबूस जन्मतात. वर्षा-दोन वर्षांत डोळ्यांभोवती पांढरे केस दिसू लागतात, मग मान, मग अंग. सात-आठ वर्षांचा घोडा झाला की तो पांढरा झालेला असतो. कातडी मात्र काळीच राहते. जन्मतः पांढरे आणि गुलाबी कातडीचेही घोडे असतात, पण ते वेगळे. त्यांचे जनुकही वेगळे. मी सांगतो आहे ती घोडी काळ्या कातडीची होती. पाइपने धुतली की ती पांढरी राहत नसे, ओल्या पाटीसारखी दिसे. वाळल्यावर पुन्हा पांढरी. वरातीच्या दिवशी धुण्याच्या शेवटच्या बादलीत नीळ घालत.

केस पांढरे करणारे जे जनुकाचे रूप आहे, तेच उतारवयात कातडीत काळ्या गाठी आणते. शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, कधी कानामागे. म्हाताऱ्या पांढऱ्या घोड्यांपैकी बहुतेकांना त्या होतात. अनेकांच्या गाठी वर्षानुवर्षे तशाच राहतात. काहींच्या वाढतात आणि आत शिरतात. ज्यांच्यात त्या रूपाच्या दोन प्रती असतात, ते लवकर पांढरे होतात आणि त्यांना धोकाही जास्त असतो.

हे सर्व मला बहिणीने गाडीत सांगितले. तिच्या बोलण्यात ‘वारंवारता’ हा शब्द वारंवार येई. बातमीत तो चालणार नाही, एका वाक्यात सांग, असे मी म्हणालो.

“एका वाक्यात तुम्ही लोकांनी आजवर काय काय सांगितलंय ते आम्ही वाचलंय,” ती म्हणाली. मग तिने सांगितले. प्रत्येक घोड्याकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. शहरातल्या सगळ्या घोड्यांच्या सगळ्या प्रती एका टोपलीत टाकल्या, तर त्यांत पांढऱ्या रूपाच्या किती भरतील, ती वारंवारता. कुणी निवड केली नाही, बाहेरून कुणी आले नाही, आतून कुणी गेले नाही आणि कळप मोठा असला, तर ते प्रमाण पिढ्यानपिढ्या तेवढेच राहते. पांढरे रूप बळकट आहे म्हणून आपोआप वाढत नाही.

“मग इथे निवड कोण करतं?” मी विचारले.

“वरातीत नाचतात ते. काळ्या घोड्यावर नवरा चालत नाही त्यांना. तुझ्या लग्नात कोणता होता?”

“माझ्या लग्नात घोडा नव्हता. रिक्षा होती.”

“घोड्याचं नशीब,” ती म्हणाली.

कालव्याकडेच्या तबेल्यात आम्ही पहिल्यांदा गेलो ते तुळशीच्या लग्नानंतर लगेच. मालक साठीचे. घराणे जुन्या हडपसर गावातले, शेतकरी. त्यांच्या वावरात आता इमारती आहेत. कालव्याला लागून एक पट्टा राहिला, त्यावर पत्र्याचा तबेला. आजोबांची एक घोडी होती, ती जत्रेत छबिन्यापुढे चालायची. मग लग्नांची मागणी सुरू झाली. मुलगी खराडीला एका कंपनीत काम करते आणि तबेल्याचे बुकिंग मोबाइलवर सांभाळते. तबेल्यात अकरा घोडे होते. अकराही पांढरे किंवा पांढरे होत आलेले.

ते तसे कसे झाले, हे मालकांनी विचारल्यावर सांगितले, आणि त्यात त्यांना लपवण्यासारखे काही वाटले नाही. पांढऱ्याला पांढरेच लावायचे, ही वडिलांपासूनची रीत. तरीही एखादे शिंगरू दोन वर्षांचे झाले तरी गडदच राहते. डोळ्यांभोवती पांढरे आले नाही की ते ठेवायचे नाही. थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फिरवायला घोडे लागतात, तिथले लोक घेऊन जातात. बहीण ऐकत होती. परतताना गाडीत ती म्हणाली की वर्गात हे शिकवायला तिला दोन तास लागतात आणि या गृहस्थांनी ते तीन पिढ्या करून दाखवले आहे. हे ती कौतुकाने म्हणाली की कसे, ते मी विचारले नाही.

त्या पहिल्या भेटीत मालकांनी दाखवलेली पहिली घोडी तीच होती. तिचे नाव इथे देत नाही. पूर्व पुण्यातल्या बऱ्याच लग्नांच्या व्हिडिओत ते पुकारलेले ऐकू येते. गर्दी, फटाके, डीजे, डोक्यावर धरलेले दिवे, कशाने ती बिचकत नसे. लोक बुकिंग करताना घोडा मागत नसत, तिला नावाने मागत. तिच्या शेपटीला लाल गोंडा बांधलेला होता. बहिणीने तिच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला, गोंडा बाजूला केला आणि शेपटी उचलली. काळ्या द्राक्षांसारख्या गाठी होत्या, चार-पाच, एकमेकींना चिकटून.

मालक म्हणाले, “तिच्या आईला बी ह्येच झालं हुतं.”

मग त्यांनी आईचे सांगितले. तीही याच तबेल्यात वाढली, हिच्याइतकीच पांढरी होती. गाठी आल्या तेव्हा त्यांनी झाडपाला लावला, मग कापून घेतल्या, त्या पुन्हा आल्या. शेवटी ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि खायची नाही, कारण खाल्ले तर बाहेर टाकताना त्रास व्हायचा. ती मेली तेव्हा ही घोडी पाच वर्षांची होती आणि हिच्या पहिल्या वराती सुरू झाल्या होत्या. हे सांगताना मालकांचा आवाज बदलला नाही. हात घोडीच्या मानेवर होता.

हिलाही आता वरातीला नेत नव्हते. खोगिराचा शेपटीखालून जाणारा पट्टा आवळला की ती कळवळायची.

बहिणीने जनुकाचे सांगितले, जेवढे साध्या शब्दांत सांगता येते तेवढे. आईकडून आले असणार, पुढे शिंगरांना गेले असणार. हिची आधीची तीन शिंगरे तबेल्यात होती, तिन्ही पांढऱ्या घोड्यांपासून झालेली, तिन्ही पांढरी. मालकांनी तिघांकडे एकेकदा पाहिले.

“मॅडम,” ते म्हणाले, “हिच्या पोटचं एक तरी असं पायजे, की त्येला हे व्हनार न्हाई. रंग कसला का असंना.”

मुलगी मागे उभी होती. तिने नंतर मला सांगितले की ‘रंग कसला का असंना’ हे शब्द वडिलांच्या तोंडून तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकले.

बहिणीने शब्द दिला नाही. ती म्हणाली, आधी केस तपासू. घोडीत एकच प्रत असली आणि तिला तपकिरी घोडा लावला, ज्याच्यात हे रूप नाहीच, तर शिंगरू यातून सुटण्याची शक्यता निम्मी. दोन प्रती असल्या, तर कुठलाही घोडा लावला तरी एक प्रत शिंगराला जाणारच. मालकांनी ते दोनदा विचारून घेतले. मग म्हणाले, निम्मी म्हणजे पुष्कळ झाली.

केस प्रत्येक तबेल्यात ती स्वतः उपटत असे. हा तिचा नियम होता. त्या दिवशी बहुतेक घोडे बाहेर होते, म्हणून तिने फक्त पाकिटे दिली, मुलीला पद्धत दाखवली, आणि सर्वांचे केस एकदमच घेऊन पाठवा असे सांगितले. तिने केलेला हा एकच अपवाद, असे ती सांगते. पाकिटांवर नावे तिनेच मालकांना विचारून लिहिली होती. त्या आठवड्यात मुलीला कंपनीतून निघता आले नाही. तिने पाकिटे मोतद्दाराला, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या माणसाला दिली. तो या तबेल्यात दहाएक वर्षे होता आणि प्रत्येक घोडा ओळखत होता. त्याने पाकिटावरचे नाव वाचायचे, त्या नावाच्या घोड्याचे केस घ्यायचे. केस मुळासकट निघालेले होते, पाकिटे नीट बंद केलेली होती. प्रयोगशाळेने तक्रार केली नाही.

जानेवारीत अहवाल आला. घोडीच्या नावापुढे एक प्रत लिहिली होती.

बहिणीने मालकांना फोन केला तेव्हा मी शेजारी होतो. ते म्हणाले, मग मी घोडा शोधायला लागतो.

घोडीचे वय आणि गाठी पाहता गाभण ठेवणे योग्य आहे का, हे बहिणीने स्वतः ठरवले नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तिला तपासले आणि एक वेळ होऊ शकेल, नंतर नाही, असे सांगितले. मांजरी गावाच्या पलीकडे एका शेतकऱ्याकडे तपकिरी घोडा होता. बहीण तिथे गेली, त्याचे केस तिने स्वतः उपटले. त्याच्यात पांढरे रूप नव्हते. मार्चमध्ये घोडी त्याला दाखवली.

तपकिरी घोड्याची बातमी भावकीत पसरायला वेळ लागला नाही. एका रविवारी आम्ही तबेल्यात असताना मालकांचे मेहुणे आले होते. त्यांचेही दोन घोडे वरातीला असत. ते खुर्चीवर बसून म्हणाले, “मग दाजी, आता नवरदेवाला गाढवावर बसवायचं का?”

“तुमच्या टायमाला बसवलं हुतं की,” मालक म्हणाले. “पाव्हण्यांनी कुठं काय तक्रार केली.”

मेहुणे हसले नाहीत. त्यांनी चहा घेतला आणि जाताना घोडीच्या कपाळावरचा भोवरा अंगठ्याने चोळून गेले. शुभ मानतात.

गाभणपणाच्या त्या वर्षात घोडीच्या गाठी थोड्या वाढल्या. डॉक्टर महिन्याने येऊन पाहत. मालक रोज पाहत. घोडीला वेगळ्या दावणीला हलवले, तिथे जमीन मऊ होती. वरातीचा हंगाम आला आणि गेला. तिच्या नावाने बुकिंग येत राहिले आणि घोडी जात राहिली. त्याकडे तेव्हा आमचे लक्ष नव्हते. लक्ष जावे असे काही दिसतही नव्हते.

फेब्रुवारीत शिंगरू जन्मले. नर. गडद तपकिरी, पाय गुडघ्यापासून खाली काळे. बाहेर येताना खांदे अडकले होते, ते मालकांनी ओढून काढले. आम्ही दुपारी पोचलो तेव्हा ते उभे राहायला शिकले होते आणि पुन्हा पुन्हा आईच्या पुढच्या पायांमध्ये दूध शोधत होते. मालकांनी पेढे वाटले. मोतद्दाराने शिंगराच्या कानात काहीतरी सांगितले. ते काय, हे त्याने सांगितले नाही.

रंगावरून आता काही ठरत नाही, हे मालकांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या तबेल्यातली सगळीच शिंगरे गडद जन्मलेली होती. तरीही ते रोज सकाळी त्याला उजेडात आणत आणि डोळ्यांभोवतीचे केस बोटांनी विंचरून पाहत. मुलगी म्हणाली, “पप्पा, मॅडमनी टेस्टला दिलंय ना. रोज काय चेक करताय?” ते म्हणाले, “तुझा निकाल लागायच्या आदी बी मी रोज पेपर बघायचो.”

या वेळी केस बहिणीने स्वतः उपटले होते. आई आणि शिंगरू अशी जोडी तपासणीला आली की प्रयोगशाळा दोघांचे नाते जुळते का तेही पाहते. नमुने अदलाबदल झाले असतील तर त्यातून कळते.

अहवालात दोन गोष्टी होत्या. शिंगरात पांढऱ्या रूपाची एक प्रत आहे, ही पहिली. दुसरी ही, की आई म्हणून आधी दिलेला नमुना या शिंगराच्या आईचा असू शकत नाही.

बहिणीने तो कागद दोनदा वाचला आणि मला गाडी काढायला सांगितले. तबेल्यात तिने आधी दुसरी गोष्ट सांगितली. मालकांना ती समजायला वेळ लागला. समजली तेव्हा ते म्हणाले, “मशीन बिघडलं असंल, मॅडम. मी माझ्या हातानं वढून काढलंय त्येला.”

तिने विचारले की त्या नोव्हेंबरात केस कुणी घेतले. मुलगी म्हणाली, मी पाकिटे यांना दिली होती. मोतद्दार पुढे आला. नाव वाचून घेतले, तो म्हणाला. बहिणीने त्याला ती घोडी दाखवायला सांगितले, जिचे केस त्या नावाच्या पाकिटात घातले. तो दावणीच्या बाजूने चालत गेला. शिंगरू ज्या घोडीपाशी उभे होते तिच्यापुढून गेला. तिच्यापुढच्या दोन घोड्यांच्याही समोरून गेला. आणि एका तरण्या पांढऱ्या घोडीच्या गळ्यावर त्याने हात ठेवला.

ती घोडी बाजारातून विकत आणलेली होती. या घराण्यातली नव्हती.

“नाव तर हिचंच हाय,” तो म्हणाला. “तिला आमी म्हातारी म्हणतो.”

झाले होते ते असे. म्हाताऱ्या घोडीला वरातीला नेणे बंद झाले तेव्हाही लोक तिलाच मागत होते. नाही म्हटले असते तर ते दुसऱ्या तबेल्यात गेले असते. म्हणून वरातीत पुढे जी घोडी जाईल तिला तेच नाव द्यायचे ठरले. झूल तीच, कपाळावरचा तुरा तोच, नाव तेच. या धंद्यात ही रीत नवी नाही. इतर तबेल्यांतही ती मी नंतर पाहिली. नवी घोडी नावाला कान टवकारू लागावी म्हणून मोतद्दार दिवसभर तिला त्याच नावाने हाक मारी, आणि काही आठवड्यांत त्याच्यासाठी ते नाव तिचेच झाले. मालक मात्र मनातून आणि तोंडाने जुन्या घोडीलाच त्या नावाने ओळखत. बहिणीला त्यांनी नाव सांगितले ते जुन्या घोडीचे. पाकीट भरले गेले ते नव्या घोडीने. नवीचे वेगळे पाकीट नव्हतेच, कारण वरातीच्या नावाखेरीज मालकांनी तिला नाव दिले नव्हते. दोघांपैकी कुणीही खोटे बोलले नव्हते.

बहीण जुन्या घोडीजवळ गेली, आयाळीतले केस उपटले, पाकिटात घातले. पाकिटावर या वेळी तिने नाव लिहिले नाही. “शिंगराची आई” असे लिहिले.

तो अहवाल मे महिन्यात आला. फोनवर सांगायचे नाही असे तिने ठरवले. आम्ही गेलो तेव्हा मालक शिंगराला पाणी दाखवत होते. मुलीने घरून काम घेतले होते, तीही आली.

“दोन्ही प्रती आहेत तिच्यात,” बहीण म्हणाली.

मालकांनी बादली खाली ठेवली. “म्हंजी तपकिरी घोडा लावला, त्येचा काय उपेग झाला न्हाई.”

“झाला. याला एकच मिळालीय. पांढऱ्याला लावली असती तर दोनही मिळाल्या असत्या. एक असली की धोका कमी असतो.”

“कमी. पर हाय.”

“आहे.”

“मला एक बी नको हुती, मॅडम.”

“हिच्यापासून ते होणार नव्हतं. कुठलाही घोडा लावला असता तरी.”

“पयल्यापासनं?”

“पहिल्यापासून.”

शिंगरू बादलीत नाक घालून पाणी उडवत होते. मुलगी म्हणाली, “पप्पा, मी स्वतः थांबायला पाहिजे होतं. सॉरी.”

“तुजी चूक न्हाई,” मालक म्हणाले. “नाव मीच दुसरीला दिलं.”

मग बहिणीने पुढचे सांगितले. या शिंगराच्या दोन प्रतींपैकी एक तपकिरी घोड्याची आहे. ती या तबेल्यात बाहेरून आलेली आहे. हा मोठा झाला आणि याला तपकिरी घोडी लावली, तर त्यांचे शिंगरू यातून सुटण्याची शक्यता खरोखरच निम्मी असेल. तेही जुन्या घोडीचेच नातवंड असेल. मालकांनी ते ऐकले. आईला आणखी किती दिवस आहेत, असे त्यांनी विचारले. ते बहिणीला सांगता आले नाही.

ऑगस्टमध्ये शिंगरू आईपासून तोडले. दिवाळीच्या सुमारास डोळ्यांभोवती पहिले पांढरे केस दिसले. ते मालकांना दिसले त्याच दिवशी त्यांनी बहिणीला फोटो पाठवला, खाली काही लिहिले नाही. त्यानंतर त्यांचे रोजचे पाहणे बंद झाले. घोडीच्या गाठी हिवाळ्यात फुटू लागल्या. डॉक्टरांनी दोनदा साफ केल्या. जानेवारीपासून तिला कोरडे गवत बंद करून मऊ, ओले खाणे देत होते. फेब्रुवारीच्या शेवटी तिने खाणे कमी केले. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहू लागली तेव्हा मालकांनी फोन केला. “तिच्या आईला मी उभी ठिवली हुती शेवटपत्तूर,” ते म्हणाले. “हिला न्हाई ठिवायची.” इंजेक्शन बहिणीनेच द्यावे, ही त्यांचीच इच्छा होती. दवाखाना सोडल्यावर तिने कुठल्याही जनावराला सुई लावलेली नव्हती. ती हो म्हणाली.

घोडीला त्याच पट्ट्यात, कालव्याच्या बाजूला पुरले. खड्डा जेसीबीने काढला. मोतद्दाराने तिच्या आयाळीची एक बट कापून घेतली आणि मालकांना विचारले, ठेवू का. त्यांनी मान डोलावली. बहिणीने हात धुतले. बिबवेवाडीला पोचल्यावर ती वर चहाला आली नाही, रिक्षाने गेली.

लोक अजून त्या घोडीला नावाने मागतात. मुलगी आता सांगते की ती गेली. दुसरी पांढरी आहे, चालेल का. बहुतेकांना चालते. तरण्या घोडीला तबेल्यात नवे नाव दिले आहे. मोतद्दार चुकून जुन्या नावाने हाक मारतो तेव्हा ती वळून पाहते.

बहिणीची पाहणी गेल्या वर्षी पुरी झाली. ती छापून यायची आहे, म्हणून आकडे देत नाही. तिने मला सांगितले ते एवढेच, की पुण्याच्या वरातीच्या घोड्यांत गडद रंगाचे रूप फार थोडे उरले आहे, आणि बहुतेक तबेल्यांत ते आपोआप परत येण्याची वाट राहिलेली नाही; बाहेरून आणावे लागेल. मी विचारले की कोण आणेल.

शिंगरू आता चार वर्षांचे, पूर्ण वाढलेला घोडा आहे. डोके आणि मान करडी झाली आहेत, अंग अजून तपकिरी आहे. मागच्या पावसाळ्यानंतर मालकांनी बाहेरून एक तपकिरी घोडी आणली. मेहुणे ती पाहायला आले आणि तिच्या रंगाबद्दल जे म्हणाले ते मालकांनी ऐकून घेतले. तिचे केस बहिणीने स्वतः उपटले; तिच्यात पांढरे रूप नाही. या वर्षाच्या सुरुवातीला तिला तबेल्यातलाच हा घोडा दाखवला. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. घोडी गाभण आहे.